सीटच्या मागे इंजिन

द्रोणागिरी, उरण
१० सप्टेंबर २०२३

प्रिय अहो,
सप्रेम नमस्कार वि. वि.

परवा तुमच्या पोस्टवरून फोन लागला तेव्हा तुमच्या मागे रांग होती. म्हणून मी एवढंच म्हणाले की गाडी घेतली. तुम्ही अभिनंदन म्हणालात आणि फोन पुढच्या माणसाच्या हातात दिलात. तुम्हाला स्कूटर वाटली असणार.

ती पोर्शे आहे. दोन वर्षं आमच्या कंटेनर यार्डात माझ्या खिडकीखाली पडून होती. ट्रेलरने पुढची डावी बाजू चेपलेली, मालक परदेशात, विमावाल्यांनी भंगारात काढलेली. मोडलेल्या कंटेनरचं नुकसान तपासून लिहिणं हे माझं कामच. जेवणाच्या सुट्टीत मी मनातल्या मनात तिचंही लिहीत असे. चाक निखळलं. दरवाजा उघडत नाही. काच गेली. प्रत्येक वेळी वाटायचं, हे होण्यासारखं आहे. लिलावात भंगारवाल्यापेक्षा थोडं जास्त बोलले. साठवलेलं माझं होतं, तुम्हाला जीप घ्यायची म्हणून बाजूला ठेवलेलं नाही.

बोकडवीऱ्याला एक गाळा घेतला आहे. ऑफिस सुटल्यावर मी तिथे जाते, आप्पा खुर्ची टाकून बसतात. सासऱ्याने सुनेची गॅरेजात राखण केली हे गावाकडे कळू देऊ नकोस, असं मला बजावून झालं आहे. गाडी उतरवायला मोऱ्याच्या बंदरावरचे दत्तू आले होते. ते होड्यांची इंजिनं दुरुस्त करतात. त्यांनी पुढचं झाकण उघडलं, आत रिकामं. इंजिन कुनी नेलं, म्हणाले. मी म्हणाले, सीटच्या मागे असतं. मग ही होडीच हाय, असं म्हणून ते निर्धास्त झाले.

मला यातलं काही येत नाही. व्हिडिओ बघते, पाना लावते, चुकते, परत लावते. बरं वाटतं.

लोभ तिथल्या थंडीत गोठू देऊ नका.

तुमची,
राजेश्वरी

मार्फत ५६ ए.पी.ओ.
२८ सप्टेंबर २०२३

प्रिय राजेश्वरीस,
स. न. वि. वि.

पत्र पोचलं. फोटो पाहिले. चुकून ते मेसमधल्या टेबलावर राहिले. आता मला कोणी हवालदार म्हणत नाही, पोर्शेवालीचा नवरा म्हणतात. सुभेदारसाहेबांनी विचारलं की वहिनी आपल्या वर्कशॉपात बदलून येतील का. मी हसलो. सगळे हसत होते.

मी अठरा वर्षं गाड्या दुरुस्त करतो आहे. त्या सगळ्या लष्करी, हिरव्या. इथे सकाळचं पहिलं काम म्हणजे ट्रकच्या बॅटरीखाली गरम पाणी ठेवणं. तसलं इंजिन मी ट्रेनिंगला असताना एकदा कॅलेंडरवर पाहिलं होतं. ते कॅलेंडर वर्ष संपल्यावरही मी भिंतीवरून काढलं नव्हतं. हे तुला ठाऊक नसणार. आणि ते तुझ्या खिडकीखाली येऊन पडावं.

असो. पत्रा, दरवाजा, चाकं, हवं ते कर. इंजिनाची पहिली सुरुवात मात्र माझ्यासाठी ठेव. फेब्रुवारीत सुट्टी मंजूर होते आहे. मी आल्याशिवाय किल्ली फिरवायची नाही. एवढा शब्द दे.

तो दत्तू किती वयाचा आहे? सहज विचारतो.

इथला लोभ शाबूत आहे, तिथला राखावा.

शहाजी

मार्फत ५६ ए.पी.ओ.
२८ सप्टेंबर २०२३

तीर्थरूप आप्पांस,
शि. सा. न. वि. वि.

मी खुशाल आहे. तुमच्या गुडघ्याला तेल लावत जा.

एक काम आहे. मोऱ्याचा तो माणूस गाळ्यात किती वेळ असतो, काय बोलतो, ते मला कळवा. राजेश्वरीच्या कानावर घालू नका.

आशीर्वाद असावा.

आपला,
शहाजी

द्रोणागिरी
१५ ऑक्टोबर २०२३

चि. शहाजी यास,
आप्पाचा आशीर्वाद.

चष्म्याची काडी तुटली होती म्हणून तुझं पत्र सूनबाईनेच वाचून दाखवलं. तिच्या कानावर घालू नका, ही ओळसुद्धा. आवाज न बदलता वाचली. नंतर विचारलं, आप्पा, कळवताय ना?

तर कळवतो. दत्तूला दोन लेकी. तंबाखू खातो. तिला वहिनी म्हणतो आणि मला सासरा म्हणतो, ते मला आवडत नाही. आठवड्यातून एकदा येतो, काही जड उचलायचं असेल तर. तो होडीबद्दल बोलतो, ती गाडीबद्दल बोलते. दोघं एकमेकांचं ऐकत नाहीत, तरी काम होतं.

जळायचंच असेल तर त्या गाडीवर जळ. काल माझ्या चहात साखर घातली नाही आणि विचारलं तर म्हणाली, घट्ट बसलंय ना? कशाबद्दल बोलत होती देव जाणे.

तुझ्या आईनेही लग्नानंतर चार वर्षांनी शिवणयंत्र घेतलं होतं. मलाही ते यंत्र आवडायचं नाही. तब्येत जप.

आप्पा

द्रोणागिरी
५ नोव्हेंबर २०२३

प्रिय अहो,
सप्रेम नमस्कार वि. वि.

शब्द दिला. पहिली किल्ली तुमच्या हाताने. आता झोपा.

डावा दरवाजा उघडतो. कुर्ल्याच्या भंगार बाजारात चाकाची जोडणी मिळाली, एक भाग उलटा बसवला, पुन्हा काढला. हाताच्या रेषांत काळं बसलं आहे. ऑफिसात शिक्का मारताना कागदावर अंगठा उमटतो. साहेब म्हणाले, मॅडम, मेंदी का? मी हो म्हणाले.

आता एक अडचण. इंजिन सुरू न करता हाताने फिरवून बघायचं असतं म्हणे. बघितलं. थोडं फिरतं आणि एका जागी अडतं. दगडावर आपटल्यासारखं. उलटं फिरवलं तर सुटतं, परत त्याच जागी अडतं. यार्डात असताना या पावसाळ्यात तिच्यावरची ताडपत्री फाटली होती, तेवढं सोडलं तर तिला कोणी हात लावलेला नाही. इंजिन गेलं असेल तर बाकी सगळं म्हणजे नुसता रंगवलेला पत्रा. दत्तूभाऊंना विचारणार होते, पण म्हटलं, घरात माणूस असताना बाहेर कशाला विचारायचं? काय असेल?

मोऱ्याची सुकी कोलंबी पाठवते आहे. लोभ तिच्याबरोबर बांधला आहे, वास सहन करावा.

तुमची,
राजेश्वरी

मार्फत ५६ ए.पी.ओ.
२२ नोव्हेंबर २०२३

प्रिय राजेश्वरीस,
स. न. वि. वि.

कोलंबी पोचली, एका दिवसात संपली. साहेबाला मेंदी सांगितलीस ते बरं केलंस. दरवाजा उघडला हे चांगलं झालं. आप्पांच्या चष्म्याला नवीन काडी घाल.

इंजिन आतून धरलं आहे. जोर लावशील तर कायमचं जाईल. हे व्हिडिओ बघून करायचं काम नाही आणि होडीवाल्याचं तर नाहीच. झाकून ठेव. फेब्रुवारीत मी येतो, मी उघडतो. तोवर सीटची गादी वगैरे शिवून घे.

खचू नकोस. प्रत्येकाचं आपापलं काम असतं.

लोभ आहे तसा राहू दे.

शहाजी

द्रोणागिरी
२६ डिसेंबर २०२३

चि. शहाजी यास,
आप्पाचा आशीर्वाद.

आनंदाची बातमी मीच आधी कळवतो. इंजिन सुटलं.

तुझं पत्र आल्यापासून सूनबाईने इंजिनावर चादर घातली होती. मयतावर घालावी तशी. गाळ्यात यायची, गादीचे टाके घालायची, घरी जायची. मला बघवेना. तिला बरं वाटावं म्हणून काल मी तुझी ती नदीतल्या ट्रकची गोष्ट काढली. तिने ती लग्नाच्या मांडवापासून ऐकलेली. तू नव्याने भरती झालेला, ट्रक नदीत गेलेला, सगळे म्हणाले इंजिन धरलं, टाकून द्या. तू एकेका सिलिंडरचं तोंड मोकळं केलंस, हाताने फिरवून पाणी बाहेर काढलंस आणि दिवस मावळायच्या आत तोच ट्रक चालवत आणलास. साहेबाने पाठ थोपटली तिथवर मी येतो आहे, तर तिने मला मध्येच थांबवलं. आप्पा, ते इंजिन फिरवताना कसं अडत होतं? मी म्हणालो, दगडावर आपटल्यासारखं. तू ती गोष्ट सांगताना नेहमी असंच म्हणतोस.

ती उठली. चादर काढली. प्लग सोडवले. मी दिवा धरला. तिने फिरवलं आणि तांबूस पाण्याची चूळ माझ्या धोतरावर. मग आणखी एक. मग इंजिन पूर्ण फिरलं, लोण्यासारखं. मला वाटलं आता नाचेल. तिने हात पुसले आणि पेटीतून तुझं पत्र काढून वाचलं. जेवली नाही.

तुझीच विद्या कामाला आली, मला अभिमान वाटला. पण एक विचारतो. तिने तुला हे विचारलं होतं का?

आप्पा

मार्फत ५६ ए.पी.ओ.
१० जानेवारी २०२४

प्रिय राजेश्वरीस,
स. न. वि. वि.

आप्पांचं पत्र आलं. तुझं आलं नाही.

तो ट्रक डिझेलचा होता. त्याची गोष्ट वेगळी. पेट्रोल इंजिन नाजूक असतं, त्यातही हे. न बघता सांगणं धोक्याचं होतं. मी काळजीने लिहिलं.

इथे बर्फ वाढला आहे. पत्र लिही.

शहाजी

द्रोणागिरी
२३ जानेवारी २०२४

अहो,
नमस्कार.

डिझेल काय, पेट्रोल काय, पाण्याला फरक कळत नाही. ताडपत्री फाटल्याचं मी लिहिलं होतं. ते तुम्ही वाचलं असणार, कारण त्याच पत्रातल्या कोलंबीला, दरवाज्याला, साहेबाच्या मेंदीला, सगळ्याला उत्तर आलं.

दत्तूभाऊंवर जळला असतात तर मी आप्पांबरोबर हसले असते. हसलेच होते. गाडीवर जळलात तेही समजलं, कॅलेंडरचं वाचून मला तुमची दया आली होती. पण तुम्ही माझ्या हातांवर जळलात. तीन आठवडे मी त्या चादरीशेजारी बसले आणि मला वाटत राहिलं की मीच काही मोडलं.

शब्द दिला आहे, तो पाळते. इंजिन तयार आहे. तेल बदललं, प्लग नवे, बॅटरी जोडली. किल्ली आप्पांकडे आहे. फेब्रुवारीत या आणि पहिली सुरुवात करा. तुम्हाला हवी तशी, तुमच्या हाताने. मी त्या वेळी गाळ्यात नसेन.

घरी तुमचं सगळं होईल. जेवणाची आबाळ होणार नाही.

राजेश्वरी

द्रोणागिरी
१२ मार्च २०२४

प्रिय अहो,
सप्रेम नमस्कार वि. वि.

तुम्ही परत पोचलात हे फोनवर कळलं. सुट्टीत आपण आप्पांच्या मोतीबिंदूबद्दल बोललो, सोसायटीच्या पाण्याबद्दल बोललो, गाळ्याबद्दल बोललो नाही. म्हणून लिहिते. आपल्याला समोरासमोर जमत नाही.

मला वाटलं होतं तुम्ही पहिल्याच दिवशी किल्ली फिरवाल. ऑफिसात काम करताना माझं अर्धं लक्ष रस्त्याकडे होतं. आवाज एवढ्या लांब येत नाही हे माहीत असून. आप्पा आता सांगतात की तुम्ही रोज संध्याकाळी जाऊन डाव्या सीटवर बसत होतात. उजव्या नाही, डाव्या. त्यांनी विचारलं, सुरू का करत नाहीस? तर म्हणालात, ड्रायव्हर यायची आहे.

हे तुम्ही मला सांगितलं नाहीत. मीही सांगितलं नाही की दोनदा मी गाळ्याच्या कोपऱ्यापर्यंत आले आणि तुमचे डोक्यामागचे केस बघून परत गेले. एकदा तर हाक मारायची राहिली. हट्ट होता. तुमचा मोठा की माझा, ते आप्पा ठरवतील.

रविवारी मी किल्ली फिरवली. शब्द मोडला म्हणा हवं तर. तुम्ही तो वापरला नाहीत, मला सांभाळवेना. पहिल्यांदा नुसती खोकली. दुसऱ्यांदाही. तिसऱ्यांदा आवाज आला तो कानात नाही, पाठीत आला. आप्पा डावीकडे बसले होते. ते दोन्ही हातांनी पट्टा धरून म्हणाले, बंद कर. मी केली नाही. बोकडवीऱ्याच्या रस्त्याने द्रोणागिरीच्या गोदामांपर्यंत नेली आणि परत आणली. ट्रेलरवाले बाजूला होऊन बघत होते.

आता एक विचारायचं आहे. थंड असताना सुरू केली की इंजिनाच्या डाव्या बाजूने टकटक येते. तापली की जाते. व्हिडिओत प्रत्येक जण वेगळं कारण सांगतो, त्यातली निम्मी कारणं म्हणजे इंजिन परत उतरवणं. काय असेल?

खरं लिहा.

राजेश्वरी

मार्फत ५६ ए.पी.ओ.
२९ मार्च २०२४

प्रिय राजेश्वरीस,
स. न. वि. वि.

पत्र वाचलं तेव्हा जळलो. आप्पा डावीकडे बसले होते, या ओळीवर आल्यावर जास्त जळलो. पत्र खिशात ठेवून दोन ट्रकचे ब्रेक केले. आता लिहायला बसलो आहे.

इंजिन उतरवू नकोस. त्याला काही झालेलं नाही. धुराची नळी इंजिनाला जोडते तिथला एखादा बोल्ट सैल असेल किंवा सांध्यात बसवलेली गॅस्केटची चकती जळली असेल. थंड असताना बारीक फट राहते, तिथून धूर टकटकत सुटतो. तापलं की धातू फुगून फट बंद होते. जुने बोल्ट जोराने फिरवलेस तर डोकं तुटून हातात येईल, म्हणून आधी गंजावर सोडायचं तेल टाक आणि दुसऱ्या दिवशी हात लाव. गॅस्केट नवीनच घाल, जुनी परत वापरू नकोस. हे तुला एका सुट्टीच्या दिवसात जमेल. मला त्यासाठी यायची गरज नाही.

फट नेमकी कुठे आहे ते आधी शोधावं लागेल. हातभर रबरी नळी घे. एक टोक कानाला लावायचं, दुसरं प्रत्येक जोडाजवळून फिरवायचं. फट असेल तिथे कानात थाप बसते. हे एकट्याचं काम नाही, कारण दुसऱ्याने आत बसून रेस द्यावी लागते. आप्पा घाबरतात. दत्तूभाऊंना बोलाव.

रेस त्यांना देऊ दे. नळी तुझ्या कानाला लाव.

लोभाचं काय ते तू ठरव. ऐकू काय आलं, ते मला लिही.

शहाजी