बाकाचं दुसरं टोक

सोमवार, ४ मार्च

कोर्टातल्या बाकावर बसल्या बसल्या आज लहानपणची शाळा ऐकू आली. दोन वर्गांमध्ये लाकडी फळ्यांची भिंत, आणि पलीकडून सगळ्या पोरांची कविता – एका सुरात! त्यात एकच आवाज कायम अर्धी ओळ मागे. धाकट्या भावाचा. मी इकडे माझ्या वर्गात ओठ हलवून त्याला पुढची ओळ पुरवायचो. जणू ऐकूच जाणार होती!

आज तो त्याच बाकाच्या दुसऱ्या टोकाला. वडिलांचं घर एकट्याच्या नावावर व्हावं म्हणून दावा मी लावलेला; नऊ वर्षं झाली. वकिलांनी तेव्हाच बजावलं होतं, "काका, समोरच्या पार्टीशी चकार शब्द नाही. आपल्यावरच उलटेल." मी पाळलं. माझ्याइतका गुणी अशील त्यांना मिळायचा नाही.

धाकट्याला खोकल्याची उबळ आली. पार वाकला. माझा हात पिशवीतल्या पाण्याच्या बाटलीवर. तेवढ्यात वकील कानाशी – "आजारपणाच्या नावाखाली तारीख मागतील. आपण कडाडून विरोध करू."

बाटली पिशवीतच राहिली.

मंगळवार, ५ मार्च

दिवसभर रेडिओ चालू. ऐकत कुणीच नव्हतं. मीसुद्धा.

गुरुवार, ७ मार्च

वकिलांकडे गेलो. म्हटलं, आपलं काम इथंच थांबवू या.

"दुसरा वकील गाठलात?"

"छे हो. दावाच मागे घेतो."

"काका, निकाल हाताशी आलाय! अर्धं घर घालवाल."

"घर फार मोठं आहे. आवाज घुमतो."

पेन फिरवत बसले. मग कागद तयार केले, चहा मागवला, जिन्यापर्यंत सोडायला आले. "तारखेला आता ती शाळेतली कविता कोण म्हणून दाखवणार मला?"

भला माणूस! महिन्याकाठी माझ्याशी चार शब्द बोलणारा तेवढाच एक, आणि मी त्यालाच रजा दिली.

बुधवार, १३ मार्च

कोर्टात दावा मागे घेतला. धाकटा आला नव्हता. त्याचा वकील होता. धाकट्याला कळलं असेलच.

फोन हातात घेतला, ठेवला. सुरुवात कशी करतात?

रविवार, १७ मार्च

सकाळी बेल वाजली. दूधवाला म्हणून दार उघडलं – धाकटा!

मी तोंड उघडणार, तर यानं ओठांवर बोट ठेवलं. "दादा, मी अजून माझा वकील सोडलेला नाही. तुझ्याशी बोलायला मनाई आहे. बसायला नाही."

बाहेर बसलाय. मी चहा टाकायला म्हणून आत आलो, आणि लिहीत काय बसलोय!