मिश्रीचं व्रत

अवसरी बुद्रुक,
४ मार्च २०२५

चि. रत्नास,
अक्काचे अनेक आशीर्वाद.

फोन मुद्दामच केला नाही. आमच्याकडे फोन वाजला की सगळं घर कान लावून बसतं, आणि ही गोष्ट मला सुनेच्या, आरतीच्या, कानावर जाऊ द्यायची नाही.

माझ्या गालाच्या आत पांढरा चट्टा आलाय हे तुला ठाऊक आहेच. मंचरच्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, मिश्री बंद केली तर तो जाईल अशी आशा आहे, नाही केली तर पुढचं काही सांगता येत नाही. मी घरी येऊन देवापुढं शपथ घेतली, डबा उकिरड्यावर फेकला आणि महिनाभर तंबाखूला शिवले नाही. मग जावेच्या लेकीची हळद आली. सकाळी बायका मिश्री लावायला बसल्या, शेजारच्या लंकाबाईनं मिश्रीचा तळहात पुढं केला, आणि माझं बोट त्यात कधी गेलं ते मलाच कळलं नाही.

व्रत मोडलं ते मोडलंच. मग राखायचं काय उरलं? घरी येऊन तवा ठेवला, तंबाखू भाजली, नवा डबा भरला. आता पूर्वीपेक्षा जास्तच लावते. महिनाअखेर तपासायला बोलावलंय, पण मी जाणार नाही. कोणत्या तोंडानं जाऊ?

संपतरावांना नमस्कार सांग. माझा राग आला तरी माया पातळ करू नकोस.

तुझी,
अक्का

आणे,
८ मार्च २०२५

ती. अक्काच्या चरणी,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून आधी रडले, मग तुझा रागच आला. कोणत्या तोंडानं म्हणून काय विचारतेस? ज्या तोंडात चट्टा आहे त्याच तोंडानं जायचं.

तू पहिल्यापासून अशीच. रांगोळीचा एक ठिपका चुकला की सगळी पुसायचीस. आई म्हणायची, हिला भाकर पायजे ती पुनवंच्या चांदावानी, जरा कड फाटली की गेली कुत्र्याला.

पण रानात तू अशी नाहीस. परवाच कळवलं होतंस, टोमॅटोची काही रोपं उन्हानं मेली. मग काय सगळ्या वावरात नांगर घातलास? जिथं रोप मेलं तिथं दुसरं लावलंस, नांग्या भरल्यास आणि मोकळी झालीस. मिश्रीविना काढलेला तो महिना उभं पीक आहे, बाई. हळदीची सकाळ म्हणजे एक मेलेलं रोप. ही सवय आहे, व्रत नव्हे. ती जाता जाता जाते.

मला धास्ती आहे ती तू दवाखान्यात जाणार नाहीस याची. अक्का, आईमागं मला तूच आहेस.

आशीर्वाद असू दे, आणि रागावायचं असेल तर दोन ओळी लिहून रागाव.

तुझी,
रत्ना

अवसरी बुद्रुक,
३ एप्रिल २०२५

चि. रत्नास,
पोटभर आशीर्वाद.

रागावले तर होतेच. धाकटीनं मला शिकवावं का, या तिरमिरीत तुझं पत्र मिटून पहिली मिश्रीच लावली! मग दिवसभर तुझ्या त्या नांग्या डोक्यातून जाईनात.

सुरुवातीला जुनंच चालायचं. सकाळी एकदा लावली की दिवस गेलाच, आता लावायची ती मनसोक्त. मग स्वतःलाच दटावलं, बये, सकाळ गेली, दुपार कुठं गेलीय? अशा दुपारी राखता राखता सकाळीही सुटू लागल्या. मध्ये चुकलेही, पण तवा काही पुन्हा ठेवला नाही.

आरतीलाही सांगून टाकलं. वाटलं होतं नाक मुरडेल. तर ती म्हणाली, आत्याबाई, मला कवाचं ठावं व्हतं, तुमी सांगायची वाट बघत व्हते. तीच मला गाडीवर बसवून मंचरला घेऊन गेली.

डॉक्टरीणबाईंनी बॅटरी लावून गाल पाहिला. चट्टा विरळ झालाय म्हणाल्या. तपासायला मात्र येत राहायचं. मी खुर्चीतच रडले गं, आणि लाजही वाटली नाही. किती दिवसांनी छाती भरून श्वास घेतला.

मग त्यांनी विचारलं, मिश्री सुटली का, हो की नाही एवढंच सांगा. एरवी मी एक तर हो म्हणून खोटं बोलले असते, नाही तर नाही म्हणून उठून आले असते. मी म्हणाले, सुटतेय. त्यांनी कागदावर तसंच लिहिलं.

आहेस तशीच भांडखोर राहा.

तुझी,
अक्का