जावयाच्या गळाची गाठ

दादा,

तुम्हाला जाऊन वीस वर्षं होऊन गेली आणि मी अजून माझ्या नवऱ्यावर जळते. साठीला आलेल्या बाईनं हे लिहू नये, पण तुमच्यापासून काय लपवायचं? तुम्हाला तर ते त्याच दिवशी कळलं होतं, आणि तुम्ही ते कुणालाच कळू दिलं नाही. उलट मला चार शिव्या घातल्या असत्या तर फार बरं झालं असतं.

तुमची तलावावरची सहल वर्षातून एकदा, होळी झाली आणि पाणी उतरायला लागलं की. झरीकडच्या शाळेतले गुरुजी तुम्ही, एस.टी.चे ड्रायव्हरकाका आणि दवाखान्यातले कंपाउंडरकाका. तीन सायकली, तीन काठ्या, भाकरीचं फडकं आणि वाटणाचा डबा. माझ्या लहानपणी मी तुमच्या सायकलच्या दांडीवर असायचे. काठच्या चिखलातून बेडकाची पिल्लं मी धरून द्यायची, तुम्ही ती गळाला लावायची आणि लव्हाळ्याच्या कडेला अलगद सोडायची. मरळ मासा तिथंच दबा धरून असतो, हे तुम्ही मला शिकवलं. आठ वर्षांची असताना मी एकटीनं एक हातभर मरळ ओढून काढली, तेव्हा ड्रायव्हरकाका ओरडले होते, "गुरुजी, पोरगी तुमच्या वरताण हाय की ओ!" तुम्ही हसलात. ते हसणं मी अजून कुणाला दिलेलं नाही.

मग एका होळीनंतर मी नेहमीसारखी सायकलपाशी जाऊन उभी राहिले, तर तुम्ही माझ्याकडे न बघता डबा अडकवत म्हणालात, "आता न्हाई बाई. लोकं नावं ठेवायलेत." बारा वर्षांची होते मी. त्यानंतर तलाव माझ्या वाट्याला आला तो तेवढ्या गाठींपुरता. तुम्हाला जवळचं दिसेनासं झालं होतं, म्हणून गळ तंगुसाच्या नायलॉन दोऱ्याला बांधायचं काम माझ्याकडे आलं. सात वेढे घ्यायचे, टोक मागं घालायचं, आणि ओढायच्या आधी गाठीला थुंकी लावायची. कोरडं तंगूस ओढलं की घासून आतल्या आत जळतं, दिसायला गाठ पक्की दिसते, पण मोठा मासा लागला की दगा देते. मी बांधलेली गाठ कधी सुटली नाही. तुम्ही तीन-तीनदा ओढून बघायचात आणि मान हलवायचात. तेवढ्यावर मी वर्ष काढायचे.

नामांतराच्या दंगलीनंतर दोन होळ्या तुम्ही गेलाच नाहीत. कुणी कुणाला विचारलं नाही. आपल्या आळीत सगळे गप्प होते आणि ड्रायव्हरकाका त्यांच्या भावकीत अडकलेले. मग तिसऱ्या वर्षी ते दारात येऊन उभे राहिले आणि एवढंच म्हणाले, "गुरुजी, गळ गंजले का हायत अजून?" तुम्ही आत येऊन मला म्हणालात, "बांध गं." मी किती आनंदानं बांधले होते ते गळ!

आणि मग माझं लग्न झालं. गंगाखेडचा मुलगा, कारखान्यात कारकून, नामांतराच्या सत्याग्रहात पंधरा दिवस जेल भोगून आलेला. हे तुम्ही ज्याला त्याला सांगत होतात. सत्याग्रहाला मीही जाते म्हणाले होते, तेव्हा "हे पोरीबाळींचं काम न्हाई" म्हणून तुम्हीच मला बसवलं होतं. पहिल्या होळीला आम्ही माहेरी आलो. तुम्ही चहा पिता पिता त्याला म्हणालात, "जावईबापू, उद्या चला आमच्यासंगं." गोदावरीच्या काठी वाढलेला तो माणूस, त्याला धड पोहता येत नव्हतं, गळ कुठल्या बाजूनं धरायचा हे ठाऊक नव्हतं. आणि तो चालला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तुम्ही चार काठ्या माझ्यापुढे ठेवल्यात. तीन मी नीट बांधल्या. चौथी, त्याची, मी कोरडी ओढली. त्याच्या हातून मोठी मरळ सुटावी, तुमच्या दोस्तांनी त्याला हसावं, तुम्ही त्याला पुन्हा नेऊ नये, एवढंच मला हवं होतं.

तुमचा स्वभाव मी विसरले. पाहुण्याला चांगलं ते द्यायचं ही तुमची रीत, मग ती भाकरी असो नाहीतर काठी. तलावावर गेल्यावर तुम्ही आपली काठी त्याच्या हातात दिलीत आणि त्याची स्वतः घेतलीत.

संध्याकाळी मी चुलीपाशी वाटण घेऊन तयार बसले होते. त्यानं दोन मरळी आणल्या. तुमचे हात रिकामे. ड्रायव्हरकाका अंगणातूनच सांगत होते, "एवढी मरळ, मांडीएवढी! गुरुजींच्या हातून गेली बगा!" तुम्ही म्हणालात, "तंगूस जुनं झालतं." मग पाणी प्यायच्या निमित्तानं आत आलात आणि त्या तंगुसाचं टोक माझ्यापुढे धरलंत. तुटलेलं नव्हतं, डुकराच्या शेपटीसारखं वळलेलं होतं. गाठ सरकली की तसंच होतं.

"कोरडी वडलीस," तुम्ही म्हणालात.

मी चुलीत लाकूड सारलं.

"माझ्यासाठी न्हवती ना?"

"न्हाई," मी म्हणाले.

तुम्ही ते टोक चुलीत टाकलंत आणि बाहेर गेलात. पुढच्या वर्षापासून तुम्ही गळ बांधायला मला बोलावलं नाही. त्यालाच गाठ शिकवलीत, आपल्या ओट्यावर बसून, त्याच्या बोटांवर बोटं ठेवून. मी दारातून बघत होते. शिक्षा म्हणून केलंत की सहज, हे मला आजवर कळलेलं नाही. तुम्ही गेलात तेव्हा तो तुमच्या पायाशी ढसाढसा रडला, आणि मी मनात म्हणत होते, हा कोण लागतो एवढा रडणारा?

तो वाईट माणूस नाही, दादा. मला नोकरी करू दिली, पगार माझ्या हातात राहू दिला, जिथं तिथं बरोबर नेलं. त्याच्या बहिणी मला नशीबवान म्हणतात.

परवा आम्ही दोघं तुरीची डाळ निवडत बसलो होतो. त्याला काय आठवलं कोण जाणे. म्हणाला, "त्या पहिल्या वर्षी मामांची मरळ गेली ना, तवा बांधावर बसून मामा मला म्हणले, माझ्या पोरीचा हात माझ्यापरीस बरा हाय. मी लोकांला भ्यालो आन् तिला घरी बसवलं. तुमी नका बसवू."

डाळीतला माझा हात थांबला. ते वळलेलं टोक हातात असताना तुम्ही हे बोललात. आणि तेही त्याला! स्वयंपाकघर तिथून किती लांब होतं, दादा? पाणी प्यायला आत आला होतात तेव्हा मला सांगता आलं नसतं? माझ्याबद्दलचं एवढं मोठं बोलणं, आणि ते जन्मभर त्याच्याजवळ पडून राहिलं.

हा कागद मी साड्यांच्या घडीखाली ठेवून देणार आहे, तिथं तो हात घालत नाही. फक्त एक सांगायचं राहिलं. माझं तोंड बघून तो म्हणाला, "तुला ठाऊक न्हवतं का?" मी म्हणाले, "ठाऊक हाय की. दादांनी मला कवाच सांगितलं व्हतं, तुमच्या आधी."