माझ्या हातावर विसंबू नकोस

वृंदा,

तुझा फोन चार्जिंगलाच राहिलाय, म्हणून ही चिठ्ठी. शेजारच्या विनोदिनीबरोबर रिक्षाने मिरजेच्या मोठ्या दवाखान्यात जातेय. सकाळपासून उजव्या हाताची मूठ वळत नाही. हे डाव्या हाताने लिहिलंय, जरा लावून वाच. केकचं लोणी-साखर अर्धवट फेटून परातीत झाकलंय.

काल मिक्सर बघायला गेले तेव्हा दुकानदार म्हणत होता, "आवं आजी, रोजच्या ऑर्डरी हायत तर पाच लिटरचा स्टँड मिक्सरच घ्या." मीच फुशारकी मारली, "लहान हातमिक्सर पुरे, बाकी माझा हात आहे की!" आमची आई नानकटाईचं तूप तळहाताने पांढरंशुभ्र होईस्तोवर फेटायची, मग बेकरीत भाजायला न्यायची. तिचीच ऐट माझ्यात उतरली. खरं तर पंधरा दिवस बोटांना मुंग्या येत होत्या, तुला बोलले नाही. चुकलं माझं.

आता स्टँडवालाच घे. फक्त त्याचं भांडं भरल्यावर तुला एकटीला उचलेल का, ते दुकानातच बघ. दुसरीकडून धरायला मी असेन, असं समजू नकोस.

आई