बाशिंगाची पाठ

सोलापूर,
माघ वद्य पंचमी, शके १८५२

प्रिय रत्ना,

मोडनिंबला आत्याकडे जाऊन तुला दोन वर्षं झाली. मागची पत्रं आत्याच्या नावाने टाकली, हे तुझ्या नावाने टाकतोय. फाडायचं तर फाड, पण आधी वाच की पोरी.

इथलं बरं चाललंय म्हणणार होतो, पण खोटं कशाला बोलू? तू गेल्यापासून माझी बाशिंगं वाकायला लागलीत. पुठ्ठा तोच, चिंचोक्याची खळ तीच. सकाळी रंगवलं की संध्याकाळी पापडासारखं वळलेलं. नवरदेवाच्या कपाळावर बसेना. दुकानवाल्या मल्लप्पाने तर पाच जोड्या परत आणून ओट्यावर आपटल्या. मी पुठ्ठेवाल्याला शिव्या घातल्या, हवेला घातल्या, तुझ्या धाकट्या बहिणीला, गुरम्मालाही उगीच झापलं. चाळीस वर्षं हेच काम करणारा कारागीर मी, माझी चूक कशी असेल!

परवा माळ्यावर तुझं शेवटचं बाशिंग सापडलं. जावई गेल्यावर तू घरी आलीस आणि महिन्याभराने पुन्हा रंगवायला बसलीस, तेव्हाचं. विधवेचा हात लागलेलं बाशिंग कोण बांधणार, असं गिऱ्हाईक कुजबुजलं आणि मी, तुझा बाप, सगळ्यांसमोर तुझ्या हातातला कुंचला हिसकावून घेतला. तू पदराला हात पुसलेस आणि आत गेलीस.

ते बाशिंग दोन वर्षांत तसूभर वाकलेलं नाही. उलटं करून पाहिलं, तर पाठीला खळीत कालवलेल्या खडूचा हात दिलेला, पुढची बाजू कोरी. एकाच बाजूला रंग दिला की पुठ्ठा तिकडे ओढला जातो, म्हणून आधी पाठ. हे अव्वाने, तुझ्या आईने, तुला शिकवलं असणार. आधी ती, मग तू, गुपचूप पाठी रंगवत राहिलात, आणि मी माझ्या हाताला गुण आहे म्हणून पेठभर मिरवलो. लई लाज वाटली बघ. माळ्यावरच बसून रडलो.

गुरम्माचं लग्न ठरलंय, फाल्गुनात. स्थळ करकंबचं. अक्काच्या हातचंच बाशिंग बांधीन म्हणून ती अडून बसलीय. लोक बोलतील, बोलू देत. कुंचला धुवून ठेवलाय. पुढची बाजू रंगवायला येशील? नाही आलीस तर मी त्याला हात लावणार नाही. पोर कोरं बाशिंग बांधून उभी राहील, आणि विचारेल त्याला मी सांगेन, की कुंचला मी हिसकावला होता.

तुझाच,
अप्पा