झाकणाच्या आतला गोल

प्रिय धाकट्या,

अठरा वर्षांत मी तुला सहा-सात पत्रं लिहिली, तू एकालाही उत्तर दिलं नाहीस. फोन उचलायचा तर तुला जन्मजात कंटाळा. तरी हे शेवटपर्यंत वाच. नेहमीचं रडगाणं नाही, कामाचं आहे.

काकू गेली ते कळवलं होतं. तिला पोचवून आल्यावर अप्पा घरात न शिरता थेट वर्कशॉपच्या मागे गेले आणि काकांच्या गाडीवरची ताडपत्री ओढून काढली. कालव्यातून काढल्यापासून ती तशीच पडून होती, विकू देत नव्हते आणि भंगारातही घालू देत नव्हते. मला वाटलं, म्हातारपणी चळ लागला. पण पंचाहत्तरीचा माणूस आठ महिने रोज त्या गाडीखाली सरपटत गेला. इंजिन सुरू केलं, वायरिंग नवं ओढलं, पत्रा ठोकून रंग दिला. गाडी आता इतकी देखणी दिसते की रस्त्याने जाणारे थांबून बघतात. मला मात्र तिच्या बाजूने जायला नको वाटतं.

सगळं स्वतः केलं, फक्त ड्रायव्हरच्या दाराला हात लावला नाही. परवा म्हणाले, ती काचेची मोटर तूच उघड. काच खाली-वर झाली की गाडी घेऊन एक चक्कर मारून येतो. कुठे जाणार विचारलं, तर म्हणाले, जवळच. जवळ काय आहे हे तुला मी सांगायला नको.

काका गेले त्या सकाळी किती थंडी होती, आठवतं का? काका हातमोजे विसरले म्हणून काकू फाटकापर्यंत धावली होती. गाडी कालव्यात घसरल्यावर काका बराच वेळ काचेचं बटण दाबत होते, असं काठावरच्या लोकांनी सांगितलं. मोटर कण्हत होती, काच हलत नव्हती. सगळ्यांच्या देखत अप्पा एवढंच बोलले, की ती मोटर धाकट्या पोराने जोडली होती. पंधरा दिवसांनी तू बॅग भरलीस. मीही तुला थांबवलं नाही, कारण मलाही तेच खरं वाटलं होतं. हे मी आजवर कबूल केलं नव्हतं.

काल दार खोललं. मोटर तुला ठाऊकच आहे, मुठीएवढी, एका अंगाला गिअरची डबी. गंजलेले स्क्रू सोडवताना दोन तुटले, तुझ्यासारख्याच चार शिव्या घातल्या. आतले वीज पोचवणारे कार्बन निम्मेसुद्धा झिजले नव्हते. गंज खरवडून, पॉलिशपेपर मारून बॅटरीला जोडली तर दुसऱ्या झटक्याला फिरली. म्हणजे मोटर चांगली होती. अडली होती ती डबी. आत काळं जाड ग्रीस ठासून भरलेलं, आपण चाकाच्या बेअरिंगला भरतो तेच. स्क्रूड्रायव्हरने उकरून काढावं लागलं. थंडीत ते मेणासारखं घट्ट होतं, हे तुला कोणी शिकवायला नको. तू पांढरं पातळ ग्रीस लावायचास, तेही नखाएवढं, आणि अप्पा तुला कंजूष म्हणायचे. तेल-ग्रीसमध्ये हात आखडू नये, हे त्यांचं कायमचं बोलणं.

मग रॉकेलने झाकण धुतलं. आपल्याकडे जो मोटर उघडेल त्याने झाकणाच्या आत सुईने तारीख आणि आपली खूण कोरायची, हा अप्पांनीच घालून दिलेला नियम. तुझ्या दोन रेघा दिसल्या, शनिवारची तारीख. त्याखाली एक गोल होता. अप्पांचा गोल, रविवारची तारीख. काका सोमवारी गेले.

मी स्टुलावर बसूनच राहिले. त्यांनी तुझं काम तपासायला मोटर उघडली, ग्रीस कमी वाटलं, सढळ हाताने भरलं, आणि नेमाने खूणही केली. मग अठरा वर्षं दोष तुझ्या नावावर टाकून झोपले. मला त्यांची चीड आली, धाकट्या, इतकी की झाकण त्यांच्या अंगावर फेकावंसं वाटलं. पण एवढं ठाऊक असूनही ती मोटर त्यांनी माझ्याच हातात का दिली, हे ध्यानात आलं आणि झाकण खाली ठेवलं. आत काय आहे ते त्यांना पक्कं माहीत होतं. तोंडाने सांगता येत नव्हतं, म्हणून मला उघडायला लावलं. आणि सांगून झाल्यावर त्यांना चक्कर मारायला जायचंय. गेल्या आठवड्यात तिजोरीची किल्ली माझ्याकडे दिली. चष्म्याची काच फुटली तर म्हणाले, आता नवी कशाला.

म्हणून मी खोटं बोलले. एक पार्ट मागवलाय, तो आल्याशिवाय काच बसणार नाही, असं सांगितलं. असा कुठला पार्ट नाही. मी तुझी वाट बघतेय. त्यांना माफ कर असं म्हणत नाही, मलाच अजून जमलेलं नाही. पण तू समोर उभा राहिलास तर त्यांना ते तोंडाने बोलावं लागेल, आणि बोलले तर कदाचित थांबतील. स्पेअरपार्टचा टेम्पोवाला तुझ्याच शहरात चाललाय, त्याच्या हाती हे देतेय, दुपारपर्यंत मिळेल. त्याच्याच टेम्पोत बस. कालपासून अप्पा तासातासाला विचारत होते, पार्ट कधी येतोय. आज सकाळी त्यांनी विचारलं नाही. गाडीत पेट्रोल भरून आणलं, आणि ड्रायव्हरच्या दाराची काच हाताने ओढून वर चढवून बसवली. मोटरशिवाय ती आता आतून उघडायची नाही.

लवकर ये.

तुझीच,
ताई