भाजलेले बिबडे

अहो,

मी अमळनेरला रतिलालभाऊजींकडे चालले आहे. "सिंगापूरला जा, राहायची सोय आमचा तेजस करेल," असं काल त्यांच्या दीपकला तुम्ही परस्पर सांगून मोकळे झालात. तो शब्द मी मोडून येते. मोठेपणा तुमचा आणि निस्तरायचं पोरानं!

नंतर मी तेजसला फोन केला. त्याला घरच नाही हो. एका खोलीत तिघं राहतात, याच्या वाट्याला फक्त पलंग. एसी लावला की त्याचे पैसे वेगळे. घरमालकीण गॅस पेटवू देत नाही आणि दोन्ही वेळ बाहेर जेवणं परवडत नाही. तुम्हाला सांगायची त्याची हिंमत होत नाही. चारचौघांत त्याचा पगार रुपयांत करून सांगता ना, तिथलं भाडं कधी रुपयांत करून पाहिलंत?

वरण-भात ओट्यावर झाकलाय. मोठ्या डब्यात तेजसला पाठवायचे ज्वारीचे बिबडे भाजून ठेवलेत. परवासारखे पापड म्हणून चहासोबत मित्रांपुढे मांडू नका. गावची आठवण येते म्हणून पोरगा मागतो, असं मीही समजत होते. ते त्याचं रात्रीचं जेवण आहे.

ज्योत्स्ना